शिक्षक होण्याची वाट आणि भरदुपारची सावली

बारावीचा निकाल लागला की शाळेतली दोन-चार मुले-मुली तरी गुरुजींकडे किंवा बाईंकडे येऊन विचारतात, "सर, मला शिक्षक व्हायचंय. काय करू?" वाशिमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच कळकळीने विचारला जातो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वस्ती सुमारे बारा लाख, त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांत. सोयाबीन आणि तूर पावसाच्या भरवशावर. अशा ठिकाणी शिक्षकाची नोकरी म्हणजे महिन्याचा खात्रीचा पगार आणि गावात मान.

पंचवीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देता येत असे : "डी.एड. कर." आज तसे सांगणे धोक्याचे आहे. वाट लांबली आहे, तिला फाटे फुटले आहेत आणि काही फाटे मध्येच बंद झाले आहेत. म्हणून या लेखात आपण दोन गोष्टी पाहू. पहिली, आजच्या घडीला पात्र शिक्षक ठरण्याची वाट नेमकी कशी आहे. दुसरी, त्या वाटेवरच्या परीक्षा उमेदवारातले काय मोजतात आणि काय मोजायचे राहून जाते. आमच्या मते दुसरी गोष्ट वर्गातल्या मुलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

वाट कशी आहे?

शिक्षकाची किमान पात्रता ठरविण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे (एनसीटीई) आहे. तिचा कायदा १९९३ चा. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता जाहीर केली. तिचा गाभा असा :

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणशास्त्र पदविका, म्हणजे आपले पूर्वीचे डी.एड., आताचे डी.एल.एड.

सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तीच पदविका, किंवा पदवी आणि बी.एड., किंवा बारावीनंतरचा पदवी व प्रशिक्षण एकत्र देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम.

या दोन्ही गटांसाठी शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी.

नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते.

बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते. २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचे झाले आणि २०१५ पासून तसेच चालू लागले. म्हणजे बी.एस्सी.ची तीन वर्षे धरली तर बारावीनंतर पाच वर्षे झाली.

मध्यंतरी २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीचे दार उघडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने ते बंद केले. लहान मुलांना शिकविण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते, बी.एड. हे त्यासाठी नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आजही कित्येक विद्यार्थी "बी.एड. झालं की सगळीकडे चालतं" या समजुतीत असतात. त्यांना हे स्पष्ट सांगायला हवे.

महाराष्ट्रात टीईटी पहिल्यांदा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. ती राज्य परीक्षा परिषद घेते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षे चाले. २०२१ मध्ये ते आजीवन ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला.

टीईटी उत्तीर्ण झाले की नोकरी मिळाली असे मात्र नाही. निवडीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे 'टेट', वेगळी द्यावी लागते. तिचे २०० गुण : १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. तिच्या गुणांवर आणि उमेदवाराच्या पसंतीक्रमावर 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून निवड होते. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये आणि तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांतले अंतर पाहा. २०१८ मध्ये बी.एड. होऊन बाहेर पडलेल्या मुलीला नुसती चाचणी देण्यासाठी पाच वर्षे थांबावे लागले.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर. २००० साली ही योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाला महिना ३,००० रुपये मिळत. २०२३ पासून ते १६,००० झाले. माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००.

आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही आता या वाटेकडे वळून पाहावे लागत आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणहक्क कायद्यापूर्वी नेमलेल्या पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे सांगितले. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. ज्या खटल्यांतून हा निकाल आला त्यांत आपल्या महाराष्ट्रातलाही खटला होता.

एवढ्या चाळण्या कशासाठी?

या चाळण्या उगाच आलेल्या नाहीत. २००० नंतरच्या दशकात राज्यात डी.एड. विद्यालयांचे पीक आले. किती शिक्षक लागणार याचा हिशोब न करता जागा वाढल्या. महाराष्ट्रातल्या अशाच शेकडो नव्या संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ च्या अहवालात त्याने अध्यापक शिक्षणाच्या दर्जाचे फार चिंताजनक चित्र मांडले. त्याच सुमारास राज्यातली भरती जवळजवळ थांबली. पदविका हातात, नोकरी नाही, आणि वय वाढते आहे, अशा तरुणांची एक अख्खी पिढी विदर्भ-मराठवाड्याने पाहिली आहे. वाशिममधल्या वाचकांना अशी उदाहरणे शोधायला लांब जावे लागणार नाही.

तेव्हा प्रवेश देताना आणि नेमणूक करताना काही सारखे माप असावे ही अपेक्षा रास्त आहे. लाखो उमेदवारांची परीक्षा घ्यायची तर चार पर्यायांचे प्रश्न सोयीचे, हेही खरे. प्रश्न एवढाच की या मापाने आपण काय मोजतो?

टीईटीच्या दुसऱ्या पेपरात बालमानसशास्त्र ३० गुणांचे, दोन भाषा प्रत्येकी ३० गुणांच्या आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे ६० गुणांची असतात. 'टेट'मध्ये तर्क, आकलन, भाषा, अंकगणित वगैरे येते. विषयज्ञान तिथे स्वतंत्रपणे मोजले जात नाही. म्हणजे एका बाजूला विषय, दुसऱ्या बाजूला मूल आणि तिसऱ्या बाजूला सर्वसाधारण बुद्धी, असे तीन वेगळे तराजू आहेत. शिकविण्याची क्रिया मात्र या तिन्हींच्या मधल्या जागेत घडते. ही मधली जागा कशी असते ते दोन उदाहरणांनी पाहू.

सूर्य डोक्यावर कधी येतो?

सातवीच्या वर्गात विचारा, "सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?" बहुतेक मुले सांगतील, "रोज दुपारी बारा वाजता." विज्ञानाच्या पदवीधरांना विचारा, तेथेही हे उत्तर बऱ्याचदा मिळते.

वाशिम सुमारे २०.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य खस्वस्तिकी, म्हणजे अगदी माथ्यावर, येथे वर्षातून दोनच दिवस येतो : २०-२१ मे आणि २२-२३ जुलै यांच्या आसपास. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून मेचा दिवस हाती लागतो. शिवाय ही वेळ घड्याळातल्या बाराची नसते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि वाशिम ७७.१ अंशांवर. हा फरक साडेएकवीस मिनिटांचा होतो. वर्षभरातला थोडा चढउतार धरला तर मेमध्ये खरी मध्यान्ह साधारण १२ वाजून १८ मिनिटांनी होते.

एक मीटर उंचीची सरळ काठी अंगणात ओळंब्यात उभी करून खऱ्या मध्यान्हीची सावली मोजली, तर वाशिममध्ये साधारण अशी मापे मिळतील :

२२ डिसेंबर : ९५ सें.मी., उत्तरेकडे
२१ मार्च व २३ सप्टेंबर : ३७ सें.मी., उत्तरेकडे
२०-२१ मे : सावली नाही
२१ जून : ६ सें.मी., पण दक्षिणेकडे!

जूनमधली ती सहा सेंटिमीटरची दक्षिणेकडची सावली पाहिली की "रोज बारा वाजता डोक्यावर" हे उत्तर आपोआप गळून पडते. मग मुलांचे प्रश्न सुरू होतात : सावली दिशा का बदलते? पुण्याला हा दिवस कधी येत असेल? दिल्लीला? (दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे सूर्य माथ्यावर कधीच येत नाही.) ऋतू कशामुळे होतात, हा धडा येथून सुरू करता येतो.

आता पाहा. ज्याला अक्षांश, क्रांती, कलता अक्ष हे सगळे येते, त्याला विषय येतो. ज्याला 'मूल अनुभवातून शिकते' हे तत्त्व माहीत आहे, त्याला अध्यापनशास्त्र येते. पण मुलांच्या मनात 'रोज बारा वाजता' हे उत्तर आधीच बसलेले असते, ते कशाने हलते, त्यासाठी काठी कोणत्या तारखांना रोवावी, हे जाणणे तिसऱ्याच प्रकारचे ज्ञान आहे. पहिली दोन एका कागदावर मोजता येतात. तिसरे वर्गात उभे राहिल्याशिवाय दिसत नाही.

सोयाबीनचे वजन कोठून येते?

दुसरे उदाहरण शेतातले. मूठभर बियाणे पेरले आणि तीन-साडेतीन महिन्यांनी गाडीभर झाडोरा निघाला. हे वजन कोठून आले? "मातीतून," असे मुले सांगतात. घरची माणसेही तेच सांगतात, कारण माती कसदार असेल तर पीक जोमदार येते हा त्यांचा रोजचा अनुभव आहे.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळच्या व्हान हेल्मॉन्ट यांनी २०० पौंड वाळलेल्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती जेमतेम दोन औंसांनी घटली. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाड पाण्यातून बनले असा निष्कर्ष त्यांनी काढला. 'गॅस' हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्यांच्याही लक्षात हवेचा वाटा आला नाही!

आज आपल्याला माहीत आहे की वाळलेल्या वनस्पतीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून व पाण्यातून येतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तर नायट्रोजनही मोठ्या प्रमाणात हवेतूनच मिळवून देतात.

'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द आणि त्याचे समीकरण मुले पाठ करतात, तरी "वजन मातीतून" हे उत्तर जात नाही. का? कारण मुलांच्या दृष्टीने हवेला वजनच नाही. मग हवेतून लाकूड कसे होईल? खरा अडथळा हा आहे. तो ओळखणारा शिक्षक समीकरणाआधी हवेच्या वजनाकडे वळतो. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गखोलीतली हवा सुमारे १२० किलो भरते, म्हणजे दोन मोठ्या माणसांइतकी. हे गणित मुलांकडून करून घेतले की पुढचा धडा सोपा होतो.

चुकीचे उत्तर ठाऊक असणे

या मधल्या ज्ञानाला अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये स्वतंत्र नाव दिले. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान यांच्या बेरजेपेक्षा हे वेगळे आहे, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'आशययुक्त अध्यापन' या नावाने याच्या जवळची कल्पना परिचित आहे. पण ती बहुधा पाठ टाचणाच्या एका रकान्यापुरती उरते.

हे ज्ञान खरोखर उपयोगी पडते का, याची तपासणी झालेली आहे. फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतले १८१ शिक्षक आणि त्यांचे साडेनऊ हजार विद्यार्थी त्यात होते. शिक्षकांना प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचारल्या : बरोबर उत्तर कोणते, आणि तुमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण कोणते चुकीचे उत्तर देतील? बरोबर उत्तरे बहुतेक शिक्षकांना आली. मुलांचे चुकीचे उत्तर ओळखणे मात्र अनेकांना जमले नाही. ज्या प्रश्नांत एखादी चुकीची समजूत घट्ट बसलेली होती, तेथे दोन्ही सांगू शकणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी अधिक शिकले. नुसते बरोबर उत्तर माहीत असलेल्या शिक्षकांचा तेथे तितका उपयोग झाला नाही.

याच गटाच्या १९८७ च्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठातल्या २३ जणांना, त्यांत पदवीधर आणि प्राध्यापकही होते, ऋतू किंवा चंद्राच्या कला यांबद्दल विचारले होते. २१ जण चुकले. ऋतूंबद्दल "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते" हे नेहमीचे उत्तर. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे हरभऱ्याला घाटे धरत असताना! मोठ्या विद्यापीठाची पदवीही बालपणीची समजूत पुसत नाही. ती कोणीतरी जाणीवपूर्वक तपासावी लागते.

पदवी आणि प्रशिक्षण एकत्र

येथे चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचा विचार येतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीत विद्यार्थी तीन वर्षे विषय शिकतो, तेव्हा तो शिकवायचा कसा हे कोणी विचारत नाही. नंतरची दोन वर्षे तो अध्यापन शिकतो, तेव्हा विषय पक्का आहे असे गृहीत धरले जाते. दोन्ही महाविद्यालये वेगळी, प्राध्यापक वेगळे. मधली जागा कोणाचीच नाही. अध्यापक शिक्षण विद्यापीठापासून आणि शाळांपासून तुटलेले आहे, ही तक्रार कोठारी आयोगाने १९६६ मध्येच केली होती. १९८३ ते ८५ च्या चट्टोपाध्याय आयोगाने बारावीनंतरचा एकत्रित अभ्यासक्रम सुचविला होता.

त्याचा नमुनाही देशात होता. १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली. त्यांतले भोपाळचे महाविद्यालय, म्हणजे आजची प्रादेशिक शिक्षण संस्था, महाराष्ट्रासाठीही आहे. बी.एस्सी. आणि बी.एड. चार वर्षांत एकत्र देणारी ही वाट इतकी वर्षे उपलब्ध असूनही आपल्या मुलांपर्यंत ती फारशी पोहोचली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकत्रित बी.एड. पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये हा अभ्यासक्रम अधिसूचित झाला, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला. त्याला बारावीनंतर राष्ट्रीय स्तरावरची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. पाचऐवजी चार वर्षे, हा त्याचा उघड फायदा. त्याहून मोठा फायदा व्हायला हवा तो असा, की भौतिकशास्त्राचा तास आणि शाळेतला सराव पाठ एकाच आठवड्यात येतील. पण दोन विभाग एका इमारतीत आणले म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागतात असे नाही. वेळापत्रक एक झाले तरी आशय आणि पद्धती शेजारी शेजारी राहू शकतात. ही काळजी संस्थांनाच घ्यावी लागेल.

आपल्या हातात काय आहे?

शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी वर्ग ठरवावा, मग वाट. लहान मुलांत रमत असाल तर बी.एड.ची वाट त्या दारापर्यंत जात नाही. डी.एल.एड.ला जाणाऱ्यांनी २०३० चे उद्दिष्ट ध्यानात ठेवून पुढे पदवीची तयारी ठेवावी. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी बारावीच्या वर्षातच करावी. निकालानंतर उशीर होतो. प्रवेशापूर्वी त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमाची परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतः पाहावे. आणि भरती दरवर्षी होईलच असे धरून घराचा हिशोब मांडू नये.

कामावर असलेल्या शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात. हे छात्राध्यापक आपल्याच शाळांत येतात. त्यांना बऱ्याचदा रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग सांभाळायला दिला जातो आणि शेवटी वहीवर सही होते. त्याऐवजी त्यांना एक छोटे काम देऊन पाहावे. पाठ घेण्याच्या आदल्या दिवशी त्या घटकावरचा एकच प्रश्न वर्गाला विचारायचा, सगळी उत्तरे लिहून घ्यायची आणि चुकीच्या उत्तरांचे गट पाडायचे. मग पाठ टाचण लिहायचे. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर मुलांची घरची बोली गोरबोली असेल, तर तीच उत्तरे घरच्या शब्दांतही घ्यावीत. कारण कधी कधी चूक विज्ञानाची नसते, मुलाला मराठी शब्दच कळलेला नसतो. सूक्ष्म अध्यापनाची सहा मिनिटे कौशल्यांच्या सरावाला देतोच. त्यांतली काही मुलांची उत्तरे ऐकण्याच्या सरावालाही द्यावीत.

अशा उत्तरांची वही प्रत्येक शाळेत राहिली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या छात्राध्यापकाला आणि नव्या शिक्षण सेवकालाही तिचा उपयोग होईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या प्रशिक्षणांत अशा वह्या समोर ठेवून चर्चा होऊ शकते. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आम्हा संशोधन करणाऱ्यांना प्रयोग चुकला की त्यातून नवे काही कळते, याची सवय असते. वर्गातली चुकीची उत्तरेही तशाच नोंदी आहेत. टीईटीचे प्रमाणपत्र एकदा मिळाले की आजीवन चालते. त्या नोंदी वाचण्याचे काम मात्र दर जूनमध्ये, नव्या वर्गाबरोबर, नव्याने सुरू होते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एक मीटरची काठी, ओळंबा आणि खडू एवढेच साहित्य जमवावे. २१ जूनला आकाश मोकळे असेल तर खऱ्या मध्यान्हीची, म्हणजे वाशिममध्ये साधारण १२ वाजून २३ मिनिटांची, सावली मोजावी. ढग असतील तर २३ सप्टेंबर आहेच. पण मोजण्याच्या आदल्या दिवशी सावली किती लांब आणि कोणत्या दिशेला पडेल, याचा अंदाज प्रत्येक मुलाकडून लिहून घ्यायला विसरू नये.